अल्लाच्या घरात लपलेला माणूस

रमजानचे पंधरा रोजे सरले की आमच्या मशिदीत एकच विषय निघतो : यंदा कोण बसणार?

बसणार म्हणजे एतिकाफला बसणार. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रमजानचे शेवटचे दहा दिवस माणसाने घरदार, कामधंदा सोडून मशिदीतच मुक्काम ठोकायचा. तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं, बाकीचा वेळ नमाज, कुराण आणि अल्लाचं नाव. शौचाला आणि वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, जायची मुभा, त्यापलीकडे उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडला की एतिकाफ तुटला. यातली गंमत अशी की मोहल्ल्यातला एक जरी माणूस बसला तरी सगळा मोहल्ला सुटतो, आणि कोणीच बसलं नाही तर दोष सगळ्यांच्या माथी. वर्गातल्या एकाने गृहपाठ केला की सगळ्यांच्या छड्या वाचल्या, तसं.

अशी सोय असल्यावर व्हायचं तेच होतं. जो तो दुसऱ्याकडे बघतो. त्यात आमचा मोहल्ला बमरोलीचा. कोणी लूमवर, कोणी डाइंगमध्ये, कोणी साड्यांना लेस लावणारा. अल्लाच्या नावाने दहा दिवस रजा देणारा शेठ सुरतेत अजून जन्मायचा आहे. त्यामुळे विसाव्या रोज्याच्या दुपारपर्यंत मशिदीचे ट्रस्टी लग्न न ठरलेल्या मुलीच्या बापासारखे गल्लोगल्ली फिरत असतात.

आठ वर्षांपूर्वी ते माझ्याकडे आले आणि मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच की त्यांना आधी खरं वाटेना. "सोचो, भाई, घरे पूछो," असं तेच म्हणाले. मी म्हणालो, अल्लाच्या कामाला घरी काय विचारायचं? ट्रस्टींचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण मी घाईत होतो. पिशवी भरायची होती.

त्या दिवसापासून मोहल्ल्यात माझं नाव सूफीजी पडलं. मी ग्रे, म्हणजे लूमवरून उतरलेलं कोरं कापड तपासायच्या खात्यात आहे. टेबलावरून कापड सरकत असतं, मी तुटलेली तार, तेलाचा टिपका, चुकलेली वीण शोधत असतो. खात्यातले माझे सोबती बहुतेक धुळे-नंदुरबारकडचे हिंदू. ते मला महाराज म्हणू लागले. "महाराज, तुमनी नजर पडनी, आते हाऊ तागा पवित्र व्हयना," असं म्हणून डाग असलेला तागा पुढे ढकलायचे. मी हसायचो. लाजायचो नाही. आज लिहिताना लाजतोय.

कारण त्या वर्षी मी मशिदीत बसलो नव्हतो. लपलो होतो.

आता हे लिहायचं तर अब्बांपासून सुरुवात करावी लागेल. अब्बा जातीने आणि हाताने पिंजारी. अमळनेरच्या पलीकडच्या आमच्या गावी खांद्यावर पिंजण टाकून दारोदार फिरायचे, लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचे. यंत्रं आली, धंदा गेला, अब्बा सुरतेला आले आणि लूमवर उभे राहिले. नमाज अरबीत पढायचे, पण दुआ अहिराणीत मागायचे. एकदा कोणीतरी टोकलं तर म्हणाले, "अल्लाले काय अहिराणी समजत नही का?" तो माणूस हसत निघून गेला. मला वाटतं अल्लाही हसला असेल.

त्या अब्बांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं गेलं. आमचं घर दोन खोल्यांचं, मागच्या खोलीत त्यांची खाट. दर दोन तासांनी कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं, कपडे बदलायचे. माझी दिवसाची पाळी होती, म्हणून हे सगळं बायको करायची. आमच्याकडे सुनेसमोर सासरा डोक्यावरची टोपीसुद्धा काढत नाही, हे लक्षात घ्या. तिने त्यावर स्वतःच एक रीत काढली होती. अब्बांवर मोठी लुंगी अंथरायची आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून, लुंगीखालून, नुसत्या हाताच्या अंदाजाने सगळं आवरायचं. तोंडाने तेवढा वेळ गावाकडच्या गप्पा. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं. अब्बा छताकडे बघत हुंकार द्यायचे. सगळं उरकेपर्यंत दोघंही जणू तिथे नसायचीच. दोघांची लाज तिने अशी राखली होती.

आणि मग त्या रमजानमध्ये आमच्या कारखान्यात जुने लूम काढून नवे बसवायला घेतले. मला दोन आठवडे सुट्टी.

बायकोचा चेहरा उजळला. म्हणाली, "दोन आठवडे अब्बांचं तुम्ही बघा. त्यांनाही बरं वाटेल, मुलाचा हात लागेल. मी जरा कंबर सरळ करते."

मी बरं म्हणालो. एक दिवस केलंही. एकच दिवस.

आतापर्यंत मी स्वतःला सांगत आलो की अब्बांची लाचारी मला बघवत नव्हती. वाक्य चांगलं आहे, आठ वर्षं पुरलं. खरी गोष्ट अशी की मला किळस आली. वास सहन होईना. बापाच्या अंगाची किळस यावी याची शरम वाटली, आणि शरम वाटायला लावल्याबद्दल अब्बांचाच राग आला. दुसऱ्या दिवशी ट्रस्टी दारात उभे. मला ते फरिश्त्यासारखे दिसले.

नफ्सबद्दल आमच्या मशिदीत बरंच ऐकायला मिळतं. नफ्स म्हणजे माणसाच्या आतला तो, जो मागत असतो. त्याच्या तीन पायऱ्या सांगतात. पहिला माणसाला वाईटाकडे हाकतो, दुसरा केल्यावर स्वतःलाच दोष देत बसतो, आणि तिसरा शांत झालेला. मी लहानपणापासून समजत होतो की पहिला नफ्स माणसाला जुगाराच्या अड्ड्यावर नेतो. माझ्या नफ्सचा असला काही शौक नव्हता. तो हुशार निघाला. त्याने मला डोक्यावर टोपी घातली, दोन थेंब अत्तर लावलं, हातात तसबीहची माळ दिली आणि चाळीस पावलं चालवत मशिदीत नेऊन बसवलं. सैतानालाही त्या दिवशी काम उरलं नसेल.

मशिदीच्या कोपऱ्यात पडदा बांधला. रोजे तेव्हा भर उन्हाळ्यात होते. आमच्या घरावर पत्रा, आणि मशिदीत संगमरवरी फरशी. तुम्ही कधी मे महिन्यात संगमरवरावर पाठ टेकली आहे का? मी टेकली. पहाटेच्या फजरनंतर टेकली, दुपारच्या जोहरनंतर टेकली. तिसऱ्या प्रहरी असरला उठलो की लोक पडद्याकडे आदराने बघायचे. एका बुजुर्गांनी इमामसाहेबांना सांगितलं की आतून सतत जिक्रचा, अल्लाच्या नामस्मरणाचा, आवाज येतो, अगदी एका लयीत. इमामसाहेब समजूतदार होते. म्हणाले, "हां, मैंने भी सुना."

आणि खाणं! सगळा मोहल्ला माझ्यामुळे सुटला होता ना, मग सगळ्या मोहल्ल्यातून ताटं. एकीकडून समोसे, एकीकडून फालुदा, ट्रस्टींच्या घरून खमण. दहा दिवसांच्या तपश्चर्येनंतर माझा पायजमा कमरेला बसेना. लोक पडद्याशी येऊन हळूच म्हणायचे, सूफीजी, पोरीच्या लग्नासाठी दुआ करा. सूफीजी, पोटात दुखतं. मी आतून गंभीरपणे "इन्शाल्ला" म्हणायचो आणि पुढच्या कुशीला वळेपर्यंत विसरून जायचो. त्यातल्या एका पोरीचं लग्न ठरलं. तिचा बाप मिठाई घेऊन आला. मी ती खाल्ली.

आता खरी गोष्ट, जी मी आठ वर्षं कोणाला सांगितली नाही. पहिल्याच दिवशी इमामसाहेब पडदा सारून आत आले होते. वयाने माझ्याहून लहान, बिहारकडचे. त्यांनी विचारलं, "वालिद साहब बिस्तर पर हैं ना? उनका काम कौन करता है?" मग शांतपणे समजावलं : आई-बाप आजारी असतील आणि करणारं कोणी नसेल तर तुम्ही उठून घरी जा. एतिकाफ तुटेल, तुटू द्या, त्याची भरपाई करता येते. बाप सोडून बसलात तर त्याची कशी करणार? आणि मग म्हणाले, "घर में करनेवाले हैं?"

मी म्हणालो, "हैं."

एवढंच. एकच अक्षर. नंतर ते उठून गेले आणि मी आडवा झालो.

घरी अब्बा विचारत होते, "पोऱ्या कोठे शे?" हे तीन शब्द त्यांचे शाबूत होते. बायको सांगायची, "मशिदीत आहेत, अब्बा. तुमच्यासाठी दुआ मागतायत." मग अब्बा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला डाव्या हाताने मशिदीची दिशा दाखवायचे. बोट वर करायचे. अर्ध्या चेहऱ्याने हसायचे.

ईदनंतर दीड महिन्याने अब्बा गेले. त्या दीड महिन्यात मी फार काही सुधारलो होतो असं नाही. लूम सुरू झाले होते, मला पुन्हा पाळी होती.

पुढे मी दहा दिवसांचा पगार सोडून दर वर्षी बसू लागलो. आधी लोकांनी बसवलं, मग माझी मलाच सवय झाली. झोप हळूहळू कमी झाली, खरं सांगायचं तर लागेनाशी झाली. संगमरवर तोच, पण पाठ टेकली की ते "हैं" ऐकू यायचं. हा दुसऱ्या पायरीवरचा नफ्स असावा. माझा त्या पायरीवर सात वर्षं बसून होता, आणि मला वाटतं त्याला तिथेही मजाच येत होती. स्वतःला शिव्या देणारा माणूस स्वतःला फार चांगला वाटतो. शिवाय त्या शिव्या कोणाला ऐकू जात नाहीत.

यंदाही ट्रस्टी आले. असरनंतरची वेळ, बायको इफ्तारसाठी खजूर निवडत बसलेली. ट्रस्टी आता खूप थकलेत, पण आवाज तोच. "आ वखते पण तमे ज ने, सूफीजी? बीजुं कोण?" मी हो म्हणणार होतो, तेवढ्यात ते पुढे बोलले. या वेळी मशिदीत तरुण पोरांना रोज दहा मिनिटं काहीतरी सांगायचं ठरलंय. पहिल्या दिवशी मी बोलावं. विषय त्यांनीच ठरवला होता : आई-बापांची खिदमत. "तमारा वालिद लकवामां हता, तमे केवी सेवा करी! पोरांना कळू द्या."

बायकोने कौतुकाने माझ्याकडे बघितलं, तिच्या हिशेबी मशिदीत मागितलेल्या दुआ हीच माझी सेवा होती. ते बघणं मला सोसलं नाही.

मी म्हणालो, "यंदा मला जमणार नाही."

"का नाही जमणार?" हे ट्रस्टींनी नव्हे, बायकोने विचारलं.

ट्रस्टी बिचारे विचार करा, विचार करा म्हणत गेले. दार लागलं तशी ती म्हणाली, "बरं नाही का तुम्हाला?"

"इमामसाहेबांनी मला पहिल्याच दिवशी घरी जायला सांगितलं होतं."

"कोणत्या पहिल्या दिवशी?"

"त्या वर्षी. अब्बा होते तेव्हा. म्हणाले होते, घरात करणारं कोणी नसेल तर जा."

तिच्या हातातला खजूर हातातच राहिला. "मग?"

"मी म्हणालो, करणारे आहेत."

"करणारे?" तिने खोलीभर नजर फिरवली. "किती जण होते हो? मी तर एकटीच होते. का आणखी कोणी होतं आणि मला दिसलंच नाही?"

मी ताटातले खजूर सरळ लावू लागलो.

"आणि तिथे काय करत होतात?"

"झोपत होतो. बराच वेळ."

"नमाज?"

"जमातीबरोबरच्या पाच पढत होतो. त्या चुकवता येत नव्हत्या, लोक यायचे."

"अब्बांसाठी दुआ?"

मी मान हलवली. कोणत्या दिशेने हलवली ते तिला कळलं.

मला वाटलं आता रडेल. मी तशी तयारीही केली होती. ती रडली नाही, भडकली. आणि कशावर भडकली म्हणाल तर, "मग माझ्या सवाबचं काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! इबादत करणाऱ्याची सोय जो करतो त्यालाही त्या पुण्यात वाटा मिळतो, असं मशिदीच्या भोंग्यावरून मी स्वतः ऐकलंय. मी काय समजून करत होते! म्हटलं, हा माणूस तिथे बापासाठी रडतोय, मी इथे बादली उचलते. निम्मं त्यांचं, निम्मं माझं. कंबर मोडली तरी म्हटलं, असू दे, अल्लाकडे निम्मं जमा होतंय. आणि तुम्ही घोरत होतात! म्हणजे मला काय मिळालं, निम्मं घोरणं?"

मी चाचरत म्हणालो, "तुझी नियत चांगली होती. तुला पूर्ण मिळालं असेल. इमामसाहेब म्हणतात की कामाचं मोल नियतीवर..."

"इमामसाहेबांचं नाव काढू नका. ते खरंच बोलले होते. लपवलंत तुम्ही." खजुराचं ताट तिने बाजूला सारलं. "आठ वर्षं मी बायकांमध्ये मिरवतेय. आमचे हे, आमचे हे."

मी माफी मागितली. आमच्यात यातून सुटका नाही. नमाज चुकली तर ते माणूस आणि अल्ला यांच्यातलं, तो माफ करेल. पण माणसाचा हक्क मारला असेल तर आधी त्या माणसाने माफ करावं लागतं, तोवर वरचं दार बंद. अब्बा तर निघून गेले होते. उरली ही. माझ्या आखिरतची, मेल्यानंतरच्या हिशेबाची, सगळी गाडी एका बाईच्या तोंडच्या एका शब्दापाशी अडली होती, आणि ती बाई म्हणाली, "बघते."

सरकारी कचेरीत म्हणतात तसं. बघते.

दोन दिवस जेवण ताटात पडत होतं, शब्द पडत नव्हता. तिसऱ्या दिवशी ती इमामसाहेबांच्या बायकोकडे जाऊन आली. मी पोळपाटापाशी चाचपडत होतो, बापुडवाणं दिसावं म्हणून. ती दारातूनच म्हणाली, "बायकांना घरात बसता येतं."

"कशाला?"

"एतिकाफला. घरातला एक कोपरा ठरवायचा, तीच मशीद. माझं वयही आता असं झालंय की मध्ये खंड पडायची भीती नाही. फक्त नवऱ्याची परवानगी लागते." तिने हात पुढे केला, जणू परवानगी ही वस्तूच आहे. "द्या."

"दिली," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? लाटणं तिच्या बाजूला होतं.

मशिदीत यंदा कोणीच मिळालं नाही. शेवटी ट्रस्टी स्वतः बसले, तीन उशा आणि साखरेच्या गोळ्या घेऊन. घरातल्या बाईच्या बसण्याने मोहल्ला सुटत नाही, असं त्यांनी मला जाता जाता ऐकवलं. मी म्हणालो, एक नवरा सुटला तरी पुरे.

तिने मागच्या खोलीतला कोपरा घेतला, जिथे अब्बांची खाट असायची. मुद्दाम घेतला की तेवढीच जागा होती, मी विचारलं नाही. मी खात्यातून डागी जॉर्जेट आणलं, त्याचा पडदा बांधला. ती आत गेली आणि म्हणाली, "मी जरुरीपुरतंच बोलणार."

माझी पहिली पाळी, तीनला सुटायचो. घरी येऊन इफ्तार करायची, मग जेवण, मग पहाटेच्या सहरीची तयारी. सुरतेजवळच्या सचिन गावी दिलेली आमची मुलगी व्हिडिओवर येऊन शिकवायची. ती सुरतेतच वाढलेली, रागावली की गुजराती बोलते. "पप्पा, पहेलां तेल गरम थवा दो ने! आणि हा चमचा चहाचा आहे, मिठाचा नाही!" मागून पडद्यातून आवाज यायचा, "जिरं जळलं." जिरं जळलं हे जरुरीच्या बोलण्यात मोडत होतं. "पंखा बंद करा, लाइटबिल" हेही मोडत होतं. पाच-सहा दिवसांत माझ्या ध्यानात आलं की माझ्याबद्दलचं सगळंच बोलणं जरुरीचं आहे.

मोहल्ल्यातल्या बायका येऊ लागल्या. आपा, माझ्या नवऱ्याची नोकरी. आपा, सुनेला दिवस राहू दे. ती ओढणीच्या टोकाला एकेक गाठ मारायची, विसरू नये म्हणून. इफ्तारच्या आधीची घटका दुआ कबूल होण्याची मानतात. त्या वेळी मी भजी तळत असे आणि मागून तिचा पुटपुटणारा आवाज येत असे. एकेक गाठ, एकेक नाव. एकही बाई वगळायची नाही. एका संध्याकाळी बायका संपल्या, अब्बा आले, आणि मग तिने म्हटलं, "आणि या माणसाला..."

मी झारा हातात धरून श्वास रोखला. तेवढ्यात कुकरने शिट्टी दिली. शिट्टी लांबलचक. ती थांबली तेव्हा तिकडे आमीन झालं होतं.

सहाव्या दिवशी मी केलेली भजी तिला बाधली. पीठ आदल्या दिवशीचं होतं, टाकवेना म्हणून वापरलं. सूर्यास्ताच्या मगरिबनंतर तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. मोरीपर्यंत पोचलीच नाही, कोपऱ्यातच झालं, चटईवर, कपड्यांवर, पडद्यावर. ती भिंतीला टेकून म्हणाली, "शेजारणीला बोलवा."

मी म्हणालो, "घरात करणारा आहे."

हे मी ठरवून बोललो नाही, तोंडातून गेलं. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी बादली आणली.

मला किळस आली नाही असं लिहिलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं. आली. चांगली पोटातून आली. पहिला हात घातला तेव्हा मीही ओकणार असं वाटलं. मग फरशीचा एक भाग स्वच्छ झाला, दुसरा झाला, तिचं तोंड पुसलं, ओले कपडे बदलायला धरलं, आणि कधीतरी मध्येच लक्षात आलं की किळस निघून गेली आहे. पाच मिनिटं. फार तर सहा. ज्याच्या भीतीने मी अल्लाच्या घरात जाऊन लपलो, ते पाच मिनिटांचं होतं. अब्बांच्या खाटेपाशी मी त्या पहिल्या दिवशी नाक दाबून, घाई करून सगळं उरकलं होतं, त्या पाच मिनिटांपलीकडे गेलोच नव्हतो. पलीकडे नुसता माणूस असतो, आजारी, आणि त्याला पाणी हवं असतं.

त्या रात्री माझी शांत झालेल्या नफ्सशी ओळख झाली वगैरे काही नाही. मला नुसती भूक लागली. उरलेली भजी मात्र मी टाकून दिली.

एकोणतिसाव्या रोज्याला चांद दिसला. मशिदीच्या भोंग्यावरून खबर आली, गल्लीत फटाके वाजले, ट्रस्टी तीन उशांसकट घरी निघाल्याचं खिडकीतून दिसलं. ही पडदा सारून बाहेर आली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, स्वयंपाकघरावर नजर टाकली. मी शिरखुर्म्यासाठी दूध चढवलं होतं.

"हे पातेलं नाही, मोठं घ्यायचं होतं," ती म्हणाली.

"माफ केलंस का?"

"पातेल्याबद्दल?"

"चेष्टा करू नकोस."

ती पाटावर बसली. ओढणीच्या गाठी सोडू लागली. "माझ्यापुरतं केलं. फरशी पुसलीत त्याच दिवशी केलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक कोणी केला असता?"

मी हसलो. फार दिवसांनी पोटातून हसलो. तीही हसली, पण लवकर थांबली. शेवटची गाठ घट्ट बसली होती, ती दातांनी सोडवत म्हणाली, "पण एक राहिलंय. अब्बांना मी दहा दिवस सांगत होते, तुम्ही त्यांच्यासाठी दुआ मागताय म्हणून. ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, पण बोलले तर मीच ना? माझ्या तोंडून गेलं. आणि ते खूश होत होते." गाठ सुटली. "ते तुम्ही खरं करा. गेलेल्यालाही दुआ पोचते. माझं बोलणं खोटं ठेवू नका."

मी तिथेच, ओट्याखाली, फरशीवर बसलो. हात वर केले. इतक्या वर्षांत हजारदा वर केले असतील, दुसऱ्यांच्या पोटदुखीसाठी, लग्नांसाठी, इन्शाल्ला म्हणत. आता तोंडात काहीच येईना. अब्बांचं नाव घेतलं, एवढं जमलं. मग म्हणालो, या अल्ला, त्या दहा दिवसांत ते विचारत होते, मी कुठे आहे. मी...

"दूध," ती म्हणाली.

दूध पातेल्याच्या काठाशी आलं होतं. मी उठलो, गॅस बारीक केला, पळीने दूध दोनदा हलवलं, आणि परत खाली बसून हात वर केले.